स्थानत्याग आणि स्वधर्म

बदलीचा हुकूम हाती पडला की आम्हां परप्रांतस्थ नोकरदारांपुढे एक जुना प्रश्न उभा राहतो : आपले स्थान सोडून जो नव्या ठिकाणी रूप पालटतो, तो स्वधर्मास मुकतो काय? या प्रश्नाचा विचार करताना देहातील पेशींचा वृत्तान्त आम्हांस उद्बोधक वाटतो.

पक्ष्याच्या गर्भात मज्जानलिका मिटत असता तिच्या कडेच्या काही पेशी शेजारणींचा हात सोडून बाहेर पडतात. विल्हेल्म हिस यांनी १८६८ साली त्यांचे प्रथम वर्णन केले. पुढे १९६९ पासून निकोल ल दुआरँ यांनी लाव्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भात बसवून त्यांचा माग काढला. कुणी त्वचेतील रंगपेशी झाली, कुणी मज्जातंतूंच्या गाठीत विसावली, कुणी जबड्याचे हाड झाली. गर्भातील त्यांची जागा बदलली, तर पुष्कळदा त्या नव्या जागेचे काम शिरावर घेतात. यांनी स्थान सोडले नसते, तर जन्मणाऱ्या जीवाला धड चेहराही लाभला नसता.

हीच विद्या कर्करोगाच्या पेशीलाही साधते. स्नेल नावाचे प्रथिन पेशींना एकत्र बांधणाऱ्या ई-कॅडहेरिनची निर्मिती दडपते, हे २००० साली दिसून आले. अशी सुटी झालेली पेशी रक्तावाटे दूरच्या अवयवात शिरू शकते. विशेष हे की, तेथे पोहोचल्यावर ती पुष्कळदा भटकेपण टाकून पूर्वीचे रूप घेते आणि बिऱ्हाड थाटते. तेव्हा दोष निघून जाण्यात नाही, रूप पालटण्यात नाही; आणि नुसते स्थिरावणे हाही गुण नव्हे. कुळाची ग्वाही द्यावी, तर रंगपेशींतून उद्भवणारा मेलॅनोमा त्याच गर्भकालीन प्रवाशांचा वंशज!

भेद आहे तो एवढाच : गर्भातील पेशी भोवतालचा संकेत ऐकून थांबते, कर्कपेशी 'पुरे' हा शब्द ऐकेनाशी होते.

पेशीला इच्छा नाही, म्हणून तिला पापपुण्यही नाही. शिवाय समाज म्हणजे देह नव्हे. तेथे निमूट आज्ञापालन हाही कधी कधी अधर्म ठरतो. परंतु आम्हांस इच्छा आहे, आणि परक्या मुलखात आमच्या हाती सहीशिक्क्याचे बळही आहे. घरी मराठी जपावी, गणपती बसवावा. तेवढ्याने स्वधर्म पुरा होत नाही. ज्या गावचे अन्नपाणी आम्ही घेतो, त्या गावाने म्हटलेले 'पुरे' आम्हांस ऐकू येते काय, हे ज्याने त्याने आपल्या कचेरीतील खुर्चीत बसून तपासावे.