पाण्यात उतरायची गरज काय?

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०

प्रियांनो, तारण विश्वासाने मिळतं, मग बाप्तिस्मा कशाला? वधस्तंभावरच्या चोराला कुठे मिळाला होता? असा प्रश्न बरेच तरुण विचारतात, आणि तो प्रामाणिक आहे.

पण त्या चोराला खाली उतरताच येत नव्हतं. आपल्याला येतं. कूशी अधिकाऱ्याकडे पाहा. गज्जाच्या वाटेवर रथात बसून तो यशया वाचत होता. फिलिप्पाने त्याला येशूची सुवार्ता सांगितली. पाणी दिसताच त्याने रथ थांबवायला लावला. त्या पाण्याने त्याने तारण विकत घेतलं नाही. विश्वास बसला, म्हणून तो उतरला.

आम्ही इंजिनिअर मंडळी रिक्वायरमेंट हातात आली की आधी विचारतो, ‘हे मस्ट-हॅव आहे की ऑप्शनल?’ प्रभूच्या आज्ञेलाही तोच प्रश्न लावला, की ‘कमीत कमी किती केलं तर चालेल?’ एवढंच उरतं. प्रेम असं मोजत नाही.

तरी काहींना याची किंमत मोठी पडते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. म्हणून घरच्यांसाठी थांबलेल्या भावाबहिणीला भित्रं म्हणू नका, त्यांच्यासोबत प्रार्थना करा. मात्र स्वतःला विचारा: मी खरंच कुणासाठी थांबलोय, की नुसतं उद्यावर ढकलतोय?

प्रभू, तुझी आज्ञा कळल्यावर पाऊल उचलायचं धैर्य आम्हाला दे. आमेन.