सोडून दिलेले मांजर



मागच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातले एक जोडपे भेटायला आले. कोणीतरी रस्त्यावर सोडलेले पर्शियन मांजर त्यांच्या ओळखीच्या बाईंनी सांभाळले आहे. मुलीला ते घरी हवे आहे. पण या जातीत किडनीचा आजार वंशपरंपरेने येतो, असे वडिलांनी ऐकले होते. "फादर, आजारी निघेल म्हणून नाही म्हटले, तर पाप का?" मी घाईत होतो. "मांजरच तर आहे," म्हणून हसलो. ते दोघे हसले नाहीत.

त्यांनी ऐकलेले खरे आहे. पर्शियन मांजरांच्या किडनीत पाण्याच्या गाठी होतात, वयाबरोबर वाढतात आणि पुढे किडनी निकामी होऊ शकते. आई किंवा बाप, कोणा एकाकडून दोष आला तरी पुरतो. स्कॉटिश फोल्डची कथा आणखी बोलकी आहे. १९६१ साली स्कॉटलंडच्या एका शेतावर दुमडलेल्या कानांची मांजरी आढळली. लोकांना ते कान गोंडस वाटले, म्हणून तिच्यापासून जात वाढवली. पण कान दुमडणारा दोषच सांधेही दुखवतो. ही देवाची करणी नव्हे, आपल्या हौसेची आहे. म्हणून असे पिल्लू पैसे देऊन विकत घेणे मला चुकीचे वाटते. त्याने आणखी पिल्ले जन्माला घातली जातात. सोडून दिलेले मांजर घरी आणणे वेगळे. त्याचे दुखणे आधीच जगात आलेले आहे.

मग घेतलेच पाहिजे का? नाही. मूल दत्तक घेताना तब्येतीवरून त्याची किंमत ठरवता येत नाही. मांजराला नकार देता येतो. प्राण्यांशी दयेने वागावे, पण माणसाचे दुःख हलके करायला हवा असलेला पैसा त्यांच्यावर उधळू नये, असे ख्रिस्तसभेची शिकवण सांगते. वडिलांची औषधे थांबवून मांजराचे उपचार, हे मला पटणार नाही. बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करणारा माणूस संत लूकच्या शुभवर्तमानात (१४:२८) आहेच. तपासणी आधी करून घेणे म्हणजे प्रेम कमी, असे मुळीच नाही.

मला भीती नकाराची नाही, अर्धवट होकाराची आहे. हे मांजर एकदा सोडले गेले आहे. दोन वर्षांनी औषधाचा खर्च आला आणि पुन्हा कोणाच्या तरी दारात ठेवले, तर तो अन्याय पहिल्यापेक्षा मोठा, कारण या वेळी आपल्याला सारे माहीत होते. आणि घरातली मुलगी ते पाहत असेल.

सोमवारी मी त्यांच्या घरी जाऊन माझ्या हसण्याबद्दल माफी मागितली. बुधवारी मांजराची सोनोग्राफी आहे. खर्च किती झेपेल, हे आईवडिलांनी वहीत लिहून ठेवले आहे. मुलगी मांजरासोबत जाणार आहे, गाठी निघाल्या तरी.

तुमचा,
फादर