निवृत्तीची पूर्वतयारी

कर्म टाकणे हेही एक कर्मच आहे की तो कर्माचा केवळ अभाव, या प्रश्नाचा खल आपल्याकडे शतकानुशतके चालत आला आहे. परंतु त्याचा दाखला भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या आणि गोदामांच्या गावी, एखाद्या बंद शटरामागे उभ्या असलेल्या मोटारीत सापडावा, हे सहसा कोणाच्या ध्यानी येणार नाही. युरोपात व उत्तर अमेरिकेत हिवाळा लागून रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकले जाऊ लागले, म्हणजे शौकासाठी बाळगलेली स्पोर्ट्स कार वसंतापर्यंत झाकून ठेवण्याचा दस्तूर आहे. कोकणपट्टीत बर्फाचा प्रश्न नाही. येथे अंमल पावसाचा. कामवारी नदीला पूर आला की तीनबत्तीच्या बाजारात पाणी शिरते आणि गोदामांकडे जाणाऱ्या रस्त्यांची अवजड वाहनांखाली चाळण होते. तेव्हा ज्या गाडीचे पोट जमिनीपासून जेमतेम पाच इंचांवर आहे, तिच्या धन्याने ज्येष्ठ संपण्यापूर्वीच तिच्या चातुर्मासाची तजवीज करावी, हे ओघानेच आले.

ही तजवीज जवळून पाहण्यासारखी असते. प्रथम गाडी धुतात, आणि धुण्याहून अधिक वेळ ती कोरडी करण्यात घालवतात. कारण दारांच्या फटींत नि चाकांवरील कमानींत राहिलेली ओल चार महिन्यांत पत्रा खाऊ शकते. मग इंजिनातील ऑईल बदलतात, ते निकामी झाले म्हणून नव्हे, तर इंधनाच्या ज्वलनातून निर्माण झालेली आम्ले त्यात उतरलेली असतात आणि स्थिर इंजिनात ती एकाच जागी बसून धातूवर आपले काम करीत राहतात म्हणून. टाकी काठोकाठ भरतात. कारण टाकीत जितकी मोकळी जागा तितकी दमट हवा, आणि हल्लीच्या वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला पाण्याची ओढ अशी की, पाणी प्रमाणाबाहेर गेले म्हणजे इथेनॉल पेट्रोलची संगत सोडून पाण्यासह तळाशी जाऊन बसते. टायरांत नेहमीपेक्षा थोडी अधिक हवा भरतात, कारण एकाच ठिकाणी महिनोन्‌महिने भार पडला तर त्यांची गोलाई बिघडते. हँडब्रेक मात्र ओढीत नाहीत, कारण दमट हवेत ब्रेक जागच्या जागी चिकटून बसतात, म्हणून चाकांना लाकडी गुटके लावतात. बॅटरीची तार सोडवितात, आणि वर प्लास्टिक न घालता सुती आच्छादन घालतात, ज्यातून आतला दमटपणा बाहेर पडू शकेल.

शेवटी मिस्त्री सायलेन्सरच्या तोंडात उंदीर शिरू नयेत म्हणून फडक्याचा बोळा कोंबतो. परंतु त्या फडक्याला तो हातभर लांब तांबडी चिंधी बांधून ती बाहेर लोंबती ठेवतो, आणि स्टिअरिंगला एक चिठ्ठी अडकवितो, की बोळा काढल्यावाचून गाडी चालू करू नये. दिवाळीच्या सुमारास आच्छादन काढणारा माणूस दुसराच कोणी असेल, किंवा तो स्वतः असला तरी ही गोष्ट विसरलेला असेल, एवढे गृहीत धरूनच ती चिंधी बांधलेली असते. थांबविण्याच्या कृतीतच पुन्हा चालू करण्याची कृती अशी आगाऊ गोवलेली असते.

या सगळ्या नियमांत एक नियम असा आहे की, तो हौशी मालकांना मुळीच पटत नाही. गाडी अगदीच मरगळू नये म्हणून दर रविवारी शटर उघडून पाच-दहा मिनिटे इंजिन फिरवावे, असे त्यांना वाटते. आणि जाणता मिस्त्री त्यांना हात जोडून तेवढे करू नका म्हणतो. इंजिन पुरते तापले नाही तर ज्वलनातून निघालेली पाण्याची वाफ सायलेन्सरमध्ये आणि ऑईलमध्येच थंड होऊन साठते, आणि गाडी निखळ उभी राहिल्याने झाली नसती अशी हानी या अर्धवट मायेने होते. चालवायची तर चांगली दहा-पंधरा मैल चालवा, नाही तर हात लावू नका, असा हा निवाडा आहे. हातपाय आवरून बसलेला परंतु मनाने विषयांचेच चिंतन करणारा मनुष्य, त्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मिथ्याचारी म्हटले आहे. त्याच्या दोषाचे स्वरूप मला या रविवारच्या इंजिनावरून जितके स्पष्ट झाले तितके अनेक भाष्यांवरून झाले नव्हते. तो पूर्णपणे कर्मात नसतो आणि पूर्णपणे निवृत्तही नसतो, आणि त्याला गंज चढतो तो याच मधल्या अवस्थेत.

पूर्वजांनी विश्रांतीकडे कधी रिकामपण म्हणून पाहिले नाही, याच्या खुणा याच परिसरात आहेत. भिवंडी तालुक्यात लोनाड येथे बौद्ध लेणे आहे. अशा लेण्यांतला बौद्ध भिक्षूंचा वर्षावास म्हणजे पावसात चालणे जमत नाही म्हणून नाइलाजाने घेतलेला आसरा नव्हे. त्याला आरंभाचा विधी होता, एका जागी राहण्याचे बंधन होते, आणि समाप्तीला प्रवारणा होती, जिच्यात प्रत्येक भिक्षू संघापुढे हात जोडून, माझ्यात काही दोष दिसला, ऐकला वा शंकिला असेल तर सांगा, अशी विनंती करी. दुसरा दाखला राजकारणातला. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर येथील खाडीच्या आश्रयाने मराठी आरमाराची उभारणी सुरू झाली. आणि पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराविषयी जे प्रकरण आहे, त्यात पावसाळ्यापूर्वी जहाजांची छावणी सुरक्षित बंदरी करावी, तिचा बंदोबस्त राखावा, असा हुकूम आढळतो. लढण्यासाठीच बांधलेल्या जहाजांच्या न लढण्याच्या महिन्यांची इतकी काळजी राज्यकर्त्याने वाहावी, यात नुसती काटकसर नाही. जे वेगासाठी जन्मले त्याच्या स्थैर्याची जबाबदारीही आपलीच, ही जाणीव त्यात आहे.

प्रवृत्ती आणि निवृत्ती यांच्या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट समान धरलेली दिसते. शांकर परंपरेने ज्ञानोत्तर कर्मसंन्यासाची थोरवी गायिली. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मयोगच श्रेष्ठ ठरविला. पण निवृत्ती म्हणजे जेथे करणे संपते ती सीमा, असेच बहुतेक वाचकांच्या मनात दोन्हीकडून ठसले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या प्रवचनांत विनोबांनी मात्र बाहेरच्या कर्माला आतल्या चित्तशुद्धीची जोड मिळाली म्हणजेच अकर्म निष्पन्न होते, असे मांडले. या विचाराने पाहिले तर निवृत्ती ही साधावी लागणारी वस्तू ठरते, आपोआप उरणारी नव्हे. आणि टाकून दिलेली गाडी व ठेवलेली गाडी यांतील भेदही, दोन्ही सारख्याच निश्चल असताना, येथेच सापडतो.

यावर एक सरळ आक्षेप येतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. धनिकाने आपल्या महाग वस्तूला पावसापासून जपले, यात कसले व्रत आले? चातुर्मासात कांदा-वांगे सोडणारा स्वतःचे काही सोडतो. हा तर आपली मालमत्ता राखतो. आक्षेप खरा आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत, मोहाने केलेला तामस, क्लेशाच्या भयाने केलेला राजस, आणि कर्तव्य म्हणून, आसक्ती व फळ सोडून कर्म करीत राहण्यात असलेला सात्त्विक. आणि मालकाचे गाडी न चालविणे खड्ड्यांच्या नि खर्चाच्या भयातून आलेले असल्याने ते राजसाच्या पलीकडे जात नाही. पण त्या तांबड्या चिंधीचे काय? गाडी मिस्त्रीची नव्हे. तिचा वेग त्याला कधी भोगायचा नाही. चिंधी बांधली किंवा न बांधली तरी त्याची मजुरी तीच. ती गाडी कार्तिकात उठेल, की तत्पूर्वीच विकली जाईल, हेही त्याला ठाऊक नाही. त्या चार महिन्यांच्या निश्चलतेत सात्त्विक असे जे काही आहे ते त्याच्या हातचे आहे.

हे एकदा ध्यानी आले म्हणजे आपल्या स्वतःच्या निवृत्तीकडे पाहण्याची दृष्टी पालटावी लागते. नोकरीतून निवृत्त होणारा गृहस्थ पेन्शनीचे कागद दोन वर्षे आधीपासून जमवितो. पण साठलेली आम्ले कोणती काढून टाकायची, कोणते ब्रेक सैल सोडायचे, दर रविवारी जुन्या कचेरीत डोकावण्याचा मोह कसा आवरायचा, याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. चातुर्मासाला प्रबोधिनी एकादशी ठरलेली आहे. माणसाच्या अखेरच्या विसाव्याला तशी तिथी कोणी लावून दिलेली नाही. म्हणून त्या विसाव्याची तयारी करू नये असे मात्र होत नाही; उलट, उठण्याची हमी नसताना केलेली तयारीच फलाशेवाचून केलेली ठरते, आणि चांगले थांबणे हा तिच्यावर मिळणारा मोबदला नसून त्या तयारीचेच दुसरे नाव आहे.