पायांचं दुखणं कुणाला वाहायचं?

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर रात्रीच्या जेवणाला नटूनथटून जायचं, म्हणून थोरल्या जाऊबाईंनी वसईच्या बाजारातून उंच, निमुळत्या टाचेच्या सँडल आणल्या. "दुखतात गं, पण शोभतात," म्हणाल्या. मग हे दुखणं कुणासाठी?

आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया जहाजानंच जपानला गेला, पुढे मनिलात अनवाणी फ्रान्सिस्कनांच्या संघात शिरला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाला. विरारला जीवदानीच्या पायऱ्या अनवाणी चढणाऱ्या बायाही मी पाहते. त्यांचे तळवे पोळतात, पण ते दुखणं देवापाशी पोचतं, असं मी मनापासून मानते. परक्यांच्या नजरेसाठी सोललेली टाच कुठेच पोचत नाही. पवित्र गुरुवारी धर्मगुरू गुडघे टेकून पाय धुतात, ओठ टेकवतात. २०१६मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलल्यापासून बायकांचेही. त्या पायांना हौसेपायी छळायचा हक्क आपल्याला नाही.

डेक हलतो, तिथे रुंद, बुटकी टाच आणि घोट्याला पट्टा हवा. जाऊबाई, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा दुकानात चालून बघा आणि मगच दुसऱ्या सँडल घ्या.