सुगंध विकणाऱ्याचा शब्द

सुगंधाच्या व्यापारात पारख करायला ग्राहकाच्या हाती फारसे काही नसते. ज्वारी मुठीत घेऊन पाहता येते. कुपीतले तेल अस्सल आहे की पातळ केलेले, हे सामान्य नाकाला कळत नाही. लातूरच्या गंजगोलाईतला अत्तरवाला असो, नांदेडच्या इतवाऱ्यात रमजानपुरती गाडी लावणारा असो की शोरूममध्ये गणवेशात उभी असलेली विक्री सल्लागार मुलगी असो, गिऱ्हाईक पैसे मोजते ते बरेचसे त्यांच्या शब्दावर. या धंद्यात खरे बोलणे हा मालाचाच एक भाग ठरतो.

पहिली कसोटी वेळेची. अल्कोहोलमध्ये मुरवलेल्या परफ्यूमचा फवारा मारला की आधी लिंबू-संत्र्याच्या जातीचे हलके गंध उडतात आणि दहा-पंधरा मिनिटांत ओसरतात. मग फुलांचे गंध पुढे येतात. चंदन, कस्तुरी, अंबर यांसारखे जड गंध मागून येतात आणि तासन्‌तास टिकतात. सौदा मात्र बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांतच उरकतो, म्हणजे जो गंध सर्वांत आधी जाणार त्याच्यावरच. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हा उडण्याचा वेग आणखी वाढतो. अशा वेळी जाणता विक्रेता मनगटावर एक थेंब लावून सांगतो, “गोलाईला एक चक्कर मारून या, मग ठरवा.” १९१७ साली उभारलेल्या त्या गोल बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात, चक्कर मारायला गेलेले गिऱ्हाईक परत येईलच याची खात्री नसते. तरीही ते सांगणे, हीच या कामातली खरी सल्लागारी. तीन-चार वास घेतल्यावर नाक थकते, तेव्हा पाचवी बाटली पुढे न करता ग्राहकाला मोकळ्या हवेत थोडे थांबू देणे हेही त्यातच आले. कॉफीच्या बिया हुंगायला देण्याची पद्धत दिसायला छान, पण साध्या हवेपेक्षा तिचा जास्त उपयोग होत नाही.

अत्तराची गोष्ट थोडी वेगळी. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यात अत्तर हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांच्या घरांत रुळलेले आहे: ईदच्या नमाजाला जाताना कानात फाया, लग्नात पाहुण्यांच्या हातावर अत्तर आणि अंगावर गुलाबपाणी. कनौजच्या पारंपरिक पद्धतीत तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी उकळून ती वाफ चंदनतेलात उतरवतात. चंदन महागले तसे त्याच्या जागी पॅराफिनसारखी स्वस्त तेले आणि रासायनिक द्रावके आली. असा माल विकण्यात गैर काही नाही. तो ‘शुद्ध चंदनातला’ म्हणून विकण्यात आहे. मापातही असेच. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि १२ मिलिलिटरची कुपीही तोळ्याच्या नावाने विकली जाते. कुपीत नेमके किती भरले, हे ग्राहकाने विचारण्याआधीच सांगायला हवे.

सर्वांत नाजूक बाब ‘अल्कोहोल नाही’ या शब्दांची. अनेक मुस्लिम ग्राहक नमाजाला जाताना लावण्यासाठी मुद्दाम असेच अत्तर मागतात. खात्री नसताना दिलेला ‘हो’ त्यांच्या पैशांपुरता राहत नाही, ती त्यांच्या श्रद्धेशी केलेली प्रतारणा होते. नामांकित परफ्यूमच्या नकलेचेही तसेच: ‘त्याच्यासारखा वास’ म्हणणे वेगळे आणि ‘तोच आहे, फक्त बाटली वेगळी’ म्हणणे वेगळे.

लातूरमध्ये शिकवणीसाठी आलेली हजारो मुले भाड्याच्या खोल्यांत राहतात. घामाच्या वासाची लाज वाटणाऱ्या अशा एखाद्या पोराला घरून आलेल्या खर्चाच्या पैशांतून महागडी बाटली घ्यायला लावणे सोपे आहे. त्याला शंभर-दोनशेत भागेल असे काही दाखवणे आणि कपडे उन्हात वाळवायला सांगणे, यात दुकानाचे थोडे नुकसान होते. ते सोसावे. त्वचेवर पुरळ येते असे कुणी म्हणाले, तर दुसरी बाटली दाखवण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांचे नाव काढावे.

कायद्याचा आधारही आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मालाविषयी खोटी माहिती देणे आणि पावती नाकारणे या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. पण चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून देण्याची सवय अजून आहे, आणि पावती नसली की ग्राहक आयोगापुढे तक्रार लंगडी पडते.

हा सगळा भार विक्रेत्याच्या एकट्याच्या सदसद्विवेकावर टाकणे मात्र अन्यायाचे आहे. महिन्याच्या टार्गेटवर ज्याचा पगार ठरतो, त्याला गिऱ्हाईक अर्धा तास बाहेर पाठवणे परवडत नाही. दिवसभर उभे राहून पाय सुजलेल्या मुलीकडून धीराच्या सल्ल्याची अपेक्षा कशी करावी? दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देण्याची सक्ती केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये केली. त्यासाठी नांदेड-लातूरच्या दुकानदारांनी कुणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक स्टूल, मूळ पगार पोटापुरता आणि कमिशन त्यावर, परत आलेल्या ग्राहकांचीही कामात गणती, आणि मालात काय आहे याची लेखी माहिती विक्रेत्याच्या हाती: एवढी व्यवस्था मालकाने करून द्यायला हवी.