खुनाचं सुतक

खुनाच्या मालिका बघताना मला एक विचित्र खोड लागली आहे. प्रेत सापडलं की खुनी कोण हा प्रश्न मागे पडतो आणि मी वाट बघत बसते, की या माणसासाठी आता रडणार कोण, आणि किती वेळ. इंग्लंड-अमेरिकेच्या मालिकांची जातकुळी मला यावरून जास्त कळते. ‘ब्रिटिश मालिका संथ आणि डोकेबाज, अमेरिकन मालिका वेगवान आणि पिस्तूलबाज’ ही नेहमीची वाटणी फार वेळ टिकत नाही. पिस्तुलाला जवळजवळ हात न लावणारा, समोरच्याला बोलण्यात गुंगवून पकडणारा टीव्हीवरचा पोलीस कोलंबो लॉस एंजेलिसचाच आहे. मेलेल्याचं सुतक मालिका किती काळ पाळते, हे विचारलं की मात्र दोन्ही देशांचा प्रवास वेगळा दिसू लागतो.

सुरुवातीला सुतक नव्हतंच. बीबीसीने 1955 साली ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ सुरू केली. हा सज्जन हवालदार डिक्सन 1950च्या ‘द ब्लू लॅम्प’ या चित्रपटात गोळी लागून मेलेला होता. लोकांना आवडला होता, म्हणून टीव्हीने त्याला काही न झाल्यासारखं पुन्हा ड्यूटीवर उभं केलं. ती भूमिका करणारे जॅक वॉर्नर ऐंशीचे झाले तरी, म्हणजे 1976पर्यंत, डिक्सन पोलिसांतच होता. ज्या टीव्हीला स्वतःच्या नायकाचं मरणही अडचणीचं वाटलं नाही, तो बाकीच्यांच्या मरणाचं काय मनावर घेणार!

कोलंबोची मजा वेगळी. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या जोडीने खुनी कोण हे पहिल्या काही मिनिटांतच दाखवून टाकलं. खुनी बहुधा बड्या घरचा, हुशार, स्वतःवर खूश. साहजिकच सगळा प्रकाश त्याच्यावर. मेलेला माणूस कथेला धक्का देऊन बाजूला होतो. तरी 1971मधल्या ‘मर्डर बाय द बुक’ या भागात एक प्रसंग आहे. भाग तरुण स्टीव्हन स्पीलबर्गने दिग्दर्शित केलेला. दोघे मिळून रहस्यकथा लिहिणाऱ्या जोडीतला एक जण दुसऱ्याला मारतो. मेलेल्याची बायको सुन्न झालेली असते. कोलंबो तिला घरी पोचवतो आणि तिच्याच स्वयंपाकघरात तिच्यासाठी ऑम्लेट करायला घेतो. आपल्याकडे सुतकाच्या घरी शेजारीपाजारी पिठलं-भात पाठवतात, तसंच हे. अर्थात अंडी फोडता फोडता त्याचे प्रश्नही चालू असतात. तो शेवटी पोलीस. पण एवढ्या वर्षांनंतर त्या भागातला पुरावा मला नीट आठवत नाही, ऑम्लेट आठवतं.

असे प्रसंग तुरळक राहिले याचं कारण अमेरिकन माणसाच्या स्वभावात शोधायची गरज नाही, ते धंद्यात आहे. तिथल्या मोठ्या वाहिन्यांना वर्षाला बावीस-चोवीस भाग लागत. शंभराच्या आसपास भाग साठले की मालिका पुनःप्रक्षेपणासाठी गावोगावच्या स्टेशनांना विकली जाई आणि ती स्टेशनं भाग हवे तसे, हव्या त्या वेळी लावत. म्हणजे प्रत्येक भाग स्वयंपूर्ण हवा, आणि पुढच्या वेळी सगळे पुन्हा ताजेतवाने हवेत. या हिशेबात दुःख बसत नाही, कारण दुःख पुढच्या आठवड्यातही राहतं. लेव्हिन्सन-लिंक यांचाच हात असलेली ‘मर्डर, शी रोट’ 1984 ते 1996 चालली. कॅबट कोव्ह या चिमुकल्या गावात इतके खून झाले, पण गावावर त्याची सावली पडली नाही. आपल्या ‘सीआयडी’तही शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युमन पुढच्या भागात कोरी पाटी घेऊनच उभा असायचा.

ब्रिटिश मंडळी यात फार साव होती असं नाही. 1997पासून चालू असलेल्या ‘मिडसमर मर्डर्स’मध्ये एका बाईला पनीरच्या नव्हे, अस्सल चीजच्या भल्यामोठ्या चाकाखाली चिरडून मारलं आहे. तिथे मरण हा करमणुकीचा भाग, आणि तसं ते उघडपणे मान्य असल्यामुळे मला रागही येत नाही. राग आला तो 2011 साली, जेव्हा या मालिकेचा निर्माता मुलाखतीत म्हणाला की आमच्या गावांत इतर वंशांची माणसं नसतात म्हणूनच मालिका चालते. निर्मिती कंपनीने त्याला निलंबित केलं. खुनी व्हायला कोणाला मुभा आहे आणि मरायला कोणाला, हा प्रश्न त्या निमित्ताने निदान चव्हाट्यावर आला. ‘इन्स्पेक्टर मोर्स’ची (1987 ते 2000) गोष्ट निराळी. ऑक्सफर्डमधल्या या अधिकाऱ्याला प्रेताकडे बघवतच नाही, रक्त दिसलं की तो तोंड फिरवतो. हा विनोद म्हणून घेतला जातो. मला मात्र तो सभ्यपणा वाटतो. तरी मोर्सची खिन्नता मोर्सचीच असते, मेलेल्याच्या घरापर्यंत ती क्वचितच पोचते.

घरापर्यंत पहिल्यांदा पोचली ती अमेरिकन मालिका, हे लोक विसरतात. एप्रिल 1990मध्ये डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांच्या ‘ट्विन पीक्स’मध्ये लॉरा पामरचं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं प्रेत सापडतं आणि पंचनामा करायला आलेला पोलीसच रडू लागतो. मग आई मुलीला शोधत वडिलांना हॉटेलवर फोन लावते. बोलणं चालू असताना शेरीफ दारातून आत येतो. वडिलांना त्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं. कॅमेरा लोंबत्या वायरीवरून खाली रिसीव्हरपर्यंत सरकत जातो, आणि त्यातून आईचा आक्रोश ऐकू येत राहतो. खुनी कोण हे लिंच-फ्रॉस्ट यांना लवकर सांगायचंच नव्हतं. वाहिनीने रेटा लावला, उत्तर दिलं गेलं, प्रेक्षक पांगले आणि 1991मध्ये मालिका बंद पडली. रडण्याला वेळ मिळाला होता तो उत्तर लांबवल्यामुळेच.

पुढच्या दोन-तीन वर्षांत दोन्हीकडे दारं किलकिली झाली. 1991च्या ‘प्राइम सस्पेक्ट’मध्ये हेलन मिरेनची जेन टेनिसन तपास हाती घेते, तेव्हा खून झालेल्या मुलीची ओळखच चुकीची नोंदलेली असते. पुरुष अधिकाऱ्यांनी तिला एक वेश्या ठरवून टाकलेलं असतं आणि त्यानुसार आदर बेतलेला असतो. तपासाची पहिली पायरी म्हणजे मेलेलीला तिचं स्वतःचं नाव परत मिळवून देणं. 1993च्या ‘होमिसाइड’मध्ये तर नावांचा फळाच आहे. बाल्टिमोरच्या खून विभागात भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं, त्यांखाली मेलेल्यांची. तपास चालू असेल तर लाल शाईत, लागला तर काळ्या. अडीना वॉटसन या लहान मुलीचा खून ही बेलिस नावाच्या नव्या अधिकाऱ्याची पहिली केस. ती कधीच सुटत नाही आणि त्याचा पिच्छाही सोडत नाही. या मालिकेमागे पत्रकार डेव्हिड सायमनचं पुस्तक होतं. पुढे ‘द वायर’मध्ये (2002 ते 2008) त्याच सायमनने आकड्यांसाठी धडपडणारं अख्खं पोलीस खातंच दाखवलं. तिथे मेलेली पोरं ओसाड घरांत फळ्यांमागे पडून असतात, आणि सापडली तर खात्याचे आकडे बिघडतील म्हणून त्यांचा शोधही नकोसा असतो. इतकं कडू मी टीव्हीवर दुसरं पाहिलेलं नाही. ‘सीएसआय’ने मात्र 2000पासून उलटी वाट धरली. कॅमेरा जखमेतून शरीरात शिरू लागला आणि माणूस बाहेरच राहिला.

मग कोपनहेगनहून ‘फोरब्रिदेल्सन’ आली. 2007 सालची ही डॅनिश मालिका 2011मध्ये बीबीसी फोरने दाखवली. एकाच खुनाला वीस भाग, आणि त्यात आईवडिलांना तपासाइतकीच जागा. दोन वर्षांनी क्रिस चिबनलची ‘ब्रॉडचर्च’ आली. समुद्रकिनारा बंद केल्यामुळे वाहतूक तुंबलेली. मेलेल्या मुलाची आई बेथ गाडी सोडून धावत सुटते, पट्टी ओलांडते आणि आच्छादनाबाहेर आलेले मुलाचे बूट तिला दिसतात. खुनी कळल्यावरही मालिका थांबत नाही. दुसऱ्या पर्वात खटला, आणि तिसऱ्यात तीच बेथ अत्याचार झालेल्या बाईच्या मदतीला उभी. दुसरं पर्व रेंगाळलं अशी तक्रार झाली. सुतक रेंगाळतंच की! सॅली वेनराइटच्या ‘हॅपी व्हॅली’त तर नायिकेच्या मुलीचा मृत्यू मालिका सुरू होण्याआधीच झालेला आहे, आणि सार्जंट कॅथरीन तो 2014 ते 2023 अशा तीन पर्वांत, मोजक्या अठरा भागांत, वाहत राहते. एकच लेखिका आणि थोडे भाग असले की हे जमतं.

पण आता यालाही साचा आला आहे. पत्रकार परिषदेत हुंदके देणारे आईबाप, फ्रिजवरचा फोटो, भूतकाळात स्वतःचं मूल गमावलेली अधिकारी. ‘मेअर ऑफ ईस्टटाउन’मध्ये (2021) केट विन्स्लेटने यात जीव ओतला म्हणून ते निभावलं. इतर ठिकाणी मला रडणाऱ्या आईमागे दिग्दर्शकाची सूचना ऐकू येते.

म्हणून रायन जॉन्सनची ‘पोकर फेस’ (2023) मला ताजी वाटली. घाट सरळसरळ कोलंबोचा, शीर्षकाची अक्षरंसुद्धा त्या काळची. खून आधी दिसतो, मग कथा मागे जाते, आणि मेलेला माणूस पुन्हा जिवंत होऊन नायिका चार्लीशी गप्पा मारताना, थट्टा करताना, कामाला जाताना दिसतो. शोककळा वगैरे नाही. चार्ली पोलीस नाही. ओळखीचं माणूस गेलं, एवढ्यावर ती मागे लागते. आणि मरणारे कोण, तर हॉटेलच्या खोल्या साफ करणारी नताली, सँडविचच्या दुकानातला पोरगा, बँडमधला ड्रमर. कोलंबोच्या भागांत अशी माणसं बहुधा साक्ष देण्यापुरतीच यायची.