दोरी सोड थोडी
आज गीता, अध्याय २, श्लोक ६७. इंद्रियांमागे धावणारं मन, वारा पाण्यातल्या नावेला नेतो तसं, बुद्धीला ओढून नेतं.

गेल्या रविवारी मुंबई बंदरात शिडाची होडी शिकत होतो. वारा वाढला तशी मी घाबरून शिडाची दोरी आणखी ओढली. होडी इतकी कलली की पाणी आत! शिकवणारे काका ओरडले, "सोड थोडी!" सोडली, शीड फडफडलं. मग फडफड थांबेल इतपतच ओढली. होडी सरळ झाली, वर वेगही आला. (हलक्या वाऱ्यात शिडाला पोट हवं, जोराच्या वाऱ्यात ते सपाट हवं, हेही तेव्हाच कळलं.)

घरी मी दोरी ओढतच असतो. बाबांचं विस्मरण वाढतंय; तोच प्रश्न पाचव्यांदा आला की माझा आवाज चढतो. परवा ते गप्पच बसले.

आज सहाव्यांदा विचारलं, "ऑफिस नाही का रे?"

"नाही बाबा, रविवार आहे."